चीनचं डुक्कर, करमाडचा मका

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याला लागलं, की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागे पडते न पडते तोच करमाड येतं. मनमाड-काचीगुडा लोहमार्गावरचं हे छोटं स्टेशन. गावाच्या एका अंगाला ऑरिक सिटीसाठी संपादित झालेल्या जमिनी, दुसऱ्या अंगाला कापूस आणि मका. कारखान्यातली पाळी संपवून आलेला कामगार आणि बाजार समितीत माल घालून आलेला शेतकरी इथे एकाच रस्त्याने घरी जातात, एकाच दुकानापुढे थांबतात.

अशा कोणत्याही नाक्यावर दोन पाट्या शेजारी शेजारी दिसतात. चिकनच्या दुकानाची पाटी खडूची असते, कारण भाव रोज बदलतो. ब्रॉयलर कंपन्या सकाळी जिवंत पक्ष्याचा दर कळवतात आणि दुकानदार त्यावर आपला आकडा लिहितो. मटणाच्या दुकानात मात्र भाव विचारायची गरज पडत नाही. तो महिनोन्‌महिने तोच राहतो आणि एकदा वाढला की सहसा खाली येत नाही. शहरात तिसरा भाव असतो, म्हशीच्या मांसाचा. तो ठरवण्यात कैरो आणि हनोईच्या गिऱ्हाइकाचाही हात असतो.

मांसाची महागाई देशोदेशी वेगळी का, या प्रश्नाचं उत्तर या तीन भावांत सापडतं. माणसं किती मांस खातात यावर ते फारसं अवलंबून नाही. जनावर काय खातं, त्याला कोणता रोग होतो, त्याला सीमा ओलांडता येते का आणि भाव चढू लागला की सरकार कुणाकडे पाहतं, यावर अवलंबून आहे. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि मराठवाड्याला तो चांगलाच ठाऊक आहे.

चीनमधल्या तापापासून लातूरच्या आडतीपर्यंत

ऑगस्ट २०१८मध्ये चीनच्या लिआओनिंग प्रांतात डुकरांमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर आढळला. माणसाला न होणारा, पण डुकराला बहुधा न सोडणारा हा रोग. वर्षभरात चीनमधल्या डुकरांची संख्या सुमारे चाळीस टक्क्यांनी घटली. नोव्हेंबर २०१९मध्ये तिथला डुकराच्या मांसाचा भाव आदल्या वर्षापेक्षा ११०.२ टक्क्यांनी चढला होता. त्या महिन्यात चीनची एकूण महागाई ४.५ टक्के होती, आणि अन्न व इंधन वगळून मोजलेली महागाई फक्त १.४ टक्के. एका जनावरानं एवढ्या मोठ्या अर्थव्यवस्थेचा आकडा हलवला. सरकारनं राखीव साठ्यातलं गोठवलेलं मांस बाजारात सोडलं, आणि उरलेली भूक जगभरातून मांस विकत घेऊन भागवली.

त्या खरेदीचा एक ओघ अर्जेंटिनाकडे गेला. तिथून निर्यात होणाऱ्या गोमांसापैकी जवळपास तीन चतुर्थांश माल चीनला जाऊ लागला. रविवारी निखाऱ्यावर मांस भाजणं हा ज्या देशाचा कुळाचार, तिथे घरच्या गिऱ्हाइकाला ते परवडेना. मे २०२१मध्ये अध्यक्ष अल्बेर्तो फर्नांदेझ यांनी गोमांसाची निर्यात तीस दिवसांसाठी बंद केली. भाव तात्पुरता रोखला गेला, पण त्याची किंमत पशुपालकांनी मोजली.

दुसरा ओघ डुकरांच्या दावणीतून आला. चीननं कळप पुन्हा उभे केले तसा २०२० आणि २०२१मध्ये मका आणि सोयाबीनच्या आयातीचा जोर वाढला. जगभर पशुखाद्य महागलं. भारताची सोयापेंड जनुकबदल न केलेल्या बियाण्याची, तिला परदेशात वेगळी मागणी असते. तिची निर्यात वाढली, देशातला साठा आटला. २०२१च्या जुलै-ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं. त्या हंगामाचा हमीभाव होता ३,९५० रुपये.

आता हाच हिशेब चिकनच्या दुकानात नेऊ. ब्रॉयलर पक्षी साधारण चाळीस दिवसांत दोन किलोचा होतो. एक किलो जिवंत वजनाला सुमारे १.६ ते १.७ किलो खाद्य लागतं. कापून साफ केल्यावर पक्ष्याचं वजन दोन तृतीयांश उरतं. म्हणजे ताटातल्या एक किलो चिकनमागे अंदाजे अडीच किलो खाद्य गेलेलं असतं. त्यात निम्म्याहून जास्त मका आणि पाव भागाहून थोडी जास्त सोयापेंड. मका किलोमागे पाच रुपयांनी चढला तर चिकन सातएक रुपयांनी महागतं. पेंड चाळीस रुपयांनी चढली तर त्यात आणखी पंचवीस-तीस रुपयांची भर पडते. उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा साठ ते सत्तर टक्के असल्यामुळे चिकनचा भाव हा मुळात धान्याचाच भाव असतो.

कोंबडी उत्पादकांच्या संघटना दिल्लीला गेल्या. ऑगस्ट २०२१मध्ये केंद्र सरकारनं जनुकबदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. बंदरही ठरवून दिलं, न्हावा शेवा, आणि त्याच्या जोडीला बांगलादेश सीमेवरचं पेट्रापोल. जनुकबदल केलेलं बियाणं आपल्या शेतात पेरायला बंदी, आणि त्याच बियाण्याची पेंड आपल्या कोंबडीला चालते, हा विरोधाभास सोयाबीन उत्पादकांनी तेव्हाच बोलून दाखवला. पण त्यांचा खरा राग त्या परवानगीच्या वेळेवर होता. दहा हजारांचा भाव आला तेव्हा बहुतेकांच्या घरात सोयाबीन नव्हतंच, ते हंगामातच विकून झालं होतं. नवं पीक निघायला दीड-दोन महिने उरले होते, आणि त्याआधीच भाव खाली आला. ऑक्टोबरात तो निम्म्यावर होता. हमीभावाच्या वर होता हे खरं, आणि त्या हिवाळ्यात अनेकांनी माल रोखून धरला म्हणून पुढे सुधारलाही. तरी एक गोष्ट लक्षात राहिली. लिआओनिंगमधल्या डुकराच्या तापानं सुरू झालेली साखळी दोन-तीन वर्षांनी मराठवाड्यात पोचली, आणि ती तोडायची वेळ आली तेव्हा कात्री सोयाबीनच्या भावाला लागली.

मका कुणाचा?

करमाडच्या पट्ट्यात सोयाबीनपेक्षा मका महत्त्वाचा. सिल्लोड, कन्नड, वैजापूर, फुलंब्री हा सगळा मक्याचा टापू. २०१८मध्ये अमेरिकन लष्करी अळी देशात शिरली आणि पुढच्या खरिपात तिनं इथल्या मक्याचे पोंगे पोखरले. उत्पादन घटलं, भाव चढला, कोंबडीवाल्यांनी ओरड केली. ती पहिली ठेच.

दुसरा बदल त्याहून खोल आहे. डिसेंबर २०२३मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारनं बंधनं आणली आणि इथेनॉलचे कारखाने मक्याकडे वळले. बघता बघता मका देशातल्या इथेनॉलचा मुख्य कच्चा माल झाला. इतका, की मका निर्यात करणारा भारत २०२४मध्ये आयातदार झाला. पोल्ट्रीला पहिल्यांदाच पेट्रोलशी स्पर्धा करावी लागली. पण इथेनॉल काढल्यावर मक्याचा जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, तो पशुखाद्यात सोयापेंडीऐवजी चालतो आणि पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. त्यानं पेंडीची मागणी खाल्ली. एकाच धोरणानं मका महाग झाला आणि सोयाबीन पडलं. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात चार हजारांच्या आसपास बोली लागत होती.

मग मक्याचा पेरा वाढला. २०२५च्या खरिपात देशभर तो उच्चांकी होता. हमीभाव २,४०० रुपये, आणि दिवाळीच्या सुमारास बाजारात आलेला ओला मका त्याच्या कितीतरी खाली विकला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक जाहीरपणे तक्रार करत होते, की भारत अमेरिकेचा मका घेत नाही. मराठवाड्यात तेव्हा अतिवृष्टीनं पिकं आडवी झाली होती.

अमेरिकेच्या कोंबडीबाबतही असाच जुना वाद आहे. तिथल्या गिऱ्हाइकाला छातीचं मांस हवं असतं, तंगडी उरते आणि मातीमोल भावानं बाहेर पाठवावी लागते. आपल्याकडे लेग पीससाठी पोरांची भांडणं होतात. एकाच पक्ष्याचे दोन भाग दोन देशांत उलट किमतीचे. बर्ड फ्लूचं कारण देऊन भारतानं ती आयात रोखली होती. अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१५मध्ये अपिलातही जिंकली. तरी तंगड्यांवर शंभर टक्के आयातशुल्क उभं आहे. ते उतरलं तर चिकन स्वस्त होईल यात शंका नाही. मक्याचं काय होईल, याचा हिशेब त्याच कागदावर मांडायला हवा.

रोग एकच, भाव उलट

मार्च २०२५मध्ये अमेरिकेत एक डझन अंड्यांचा सरासरी भाव ६.२३ डॉलरवर गेला, आजवरचा सर्वाधिक. कारण बर्ड फ्लू. कोट्यवधी कोंबड्या माराव्या लागल्या, माल घटला, भाव चढला.

महाराष्ट्रात बर्ड फ्लू आला की भाव पडतो. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला उद्रेक झाला तेव्हा हेच घडलं. जानेवारी २०२१मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या मेल्या तेव्हाही हेच. रोग नसताना, नुसत्या अफवेनंसुद्धा तसंच होतं. २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकन खाल्ल्यानं कोरोना होतो असे निरोप मोबाइलवर फिरले आणि शेडवर जिवंत कोंबडीचा भाव किलोला वीस रुपयांखाली गेला. तिला वाढवायचा खर्च त्याच्या कितीतरी पट. काहींनी पक्षी फुकट वाटले, काहींनी खड्ड्यात पुरले. मग टाळेबंदी उठू लागली, पण शेड रिकामे होते. जून २०२०मध्ये देशातली मांस-मासळीची महागाई सोळा टक्क्यांवर पोचली.

हा फरक समजायला ताट पाहावं लागतं. अमेरिकन घरात मांस-अंडं रोजचं, ते सोडणं अवघड, म्हणून तुटवडा थेट भावात उतरतो. आपल्याकडे मांस सोडायची सवय वर्षाच्या रचनेतच आहे. आखाडात बोकड पडतात, श्रावण लागला की दुकानं ओस. मग चतुर्थ्या, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. गावच्या उरुसाला कंदुरी, जत्रेला जेवणं, बकरी ईदेला कुर्बानी. मागणी अशी कॅलेंडरावर चढते-उतरते. महिनाभर न खाणं हे इथे कुणाला संकट वाटत नाही, त्यामुळे भीती वाटली किंवा भाव झेपेनासा झाला की गिऱ्हाईक सहज बाजूला होतं. भाव आवरतो. पण शेडमधला पक्षी श्रावण पाळत नाही. तो रोज खातोच.

शेडमधला शेतकरी आता बहुतेक ठिकाणी कराराचा आहे. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि घरच्यांचं राबणं त्याचं. त्याला किलोमागे ठरलेली मजुरी मिळते, ती एक आकडी रुपयांत असते. दुकानातलं चिकन पन्नास रुपयांनी चढलं तरी ती हलत नाही, हा तोटा. भाव कोसळला तर पक्ष्याचा तोटा कंपनीचा, ही सोय. पण मग पुढची बॅच वेळेवर येत नाही, शेड रिकामा राहतो आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

बोकडाला विमान मिळालं नाही

जागतिक अन्न आणि कृषी संघटना दर महिन्याला मांसाच्या भावाचा निर्देशांक काढते. २०२५मध्ये तो विक्रमी उंचीवर होता. त्यात गोमांस, डुक्कर, कोंबडी आणि मेंढी असते. आपलं सगळ्यात महागडं मांस, बोकडाचं, त्यात धरलेलंच नाही.

आपला बोकड जगाच्या बाजारापासून तुटलेला आहे. मराठवाड्याची शेळी म्हणजे उस्मानाबादी, काळी, काटक, जुळी देणारी. ज्याच्याकडे जमीन नाही किंवा नावापुरती आहे त्याची ती चालती ठेव. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांदरम्यान राज्यातल्या शेळ्या सुमारे चतुर्थांशानं वाढून एक कोटीच्या पुढे गेल्या. तरीही मटणाचा भाव दशकभरात जवळपास दुप्पट झाला. संभाजीनगरात छावणीच्या गुरुवारच्या बाजारात जाऊन उभं राहिलं तर त्याचं कारण कळतं. पाठीवर हात फिरवून, दात पाहून, नगावर सौदा ठरतो. शेळी खाद्याच्या पोत्यावर वाढत नाही. ती बांधावर, पडीक रानात आणि गायरानात वाढते, आणि तिच्यामागे दिवसभर माणूस लागतो. गायरानं संपत चालली, चारणारी पोरं शाळेत आणि कंपनीत गेली. ब्रॉयलरला चाळीस दिवस पुरतात, बोकडाला वर्ष लागतं. ते कमी करणारा कारखाना अजून निघालेला नाही.

खाटकाचा हिशेबही बदलला. कातड्याचे पैसे हा त्याच्या नफ्याचा भाग असे. जगभर चामड्याची मागणी घटली, कातडं कवडीमोल झालं आणि ती तूट मटणावर आली. २०१९च्या अखेरीस कोल्हापुरात, कसबा बावड्यातून, मटणाच्या भाववाढीविरुद्ध आंदोलन उभं राहिलं. समित्या झाल्या, बैठका झाल्या, दुकानं बंद राहिली. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावानं भाव हा सार्वजनिक प्रश्न केला. लोकशाहीत असं व्हावं. पण भाव बांधून देणाऱ्यांची बोकड वाढवणाऱ्याशी गाठ फारशी पडली नाही.

दुसऱ्या टोकाची गोष्ट नागपूरची. जून २०१८मध्ये नागपूरहून शारजाला विमानानं शेळ्या-मेंढ्या पाठवायचं ठरलं होतं. धनगर समाजाला आखाती बाजाराचा भाव मिळावा म्हणून तेव्हाचे खासदार विकास महात्मे यांनी त्यात पुढाकार घेतला होता. जैन समाजानं विरोध केला आणि विमान उडालंच नाही. उडालं असतं तर मेंढपाळाला जास्त पैसे मिळाले असते आणि आपल्याकडे मटण आणखी चढलं असतं. दोन्ही खरं आहे. दोन देशांतला भावाचा फरक बहुतेक वेळा असा वाट अडवल्यानं टिकतो.

कायद्यानं बदललेला भाव

मार्च २०१५मध्ये महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस वगळली गेली. संभाजीनगरच्या नान-खलियाचं मांस बदललं, आणि गरिबाच्या स्वस्त मांसाचा भार म्हशीवर आला. त्याच वर्षी मराठवाड्यात दुष्काळ होता. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही, आणि दावणीला वैरण नाही. २०१९च्या गणनेत राज्यातलं गोधन सुमारे दहा टक्क्यांनी घटलेलं निघालं. २०२५च्या पावसाळ्यात वाटेतल्या अडवणुकीला कंटाळून गुरांचा व्यापार करणाऱ्या कुरेशी समाजानं राज्यभर जनावरांची खरेदीच थांबवली, तेव्हा म्हशींचे बाजारही मंदावले. भाकड जनावर घेऊन आलेले शेतकरी ते तसंच परत घेऊन गेले.

याचंच प्रतिबिंब सीमेपलीकडे दिसतं. २०१४नंतर भारतानं बांगलादेश सीमेवरची गुरांची चोरटी वाहतूक आवळली. तिथे किलोला तीनशे टाक्यांच्या आसपास मिळणारं गोमांस दशकभरात सातशेच्या पुढे गेलं. तिथल्या शेतकऱ्यानं मात्र घरोघर गुरं पोसायला घेतली आणि ईदेपुरता देश स्वयंपूर्ण झाला. गिऱ्हाइकाला ते महागात पडलं, गोठ्याला बरकत आली.

म्हशीचं मांस मात्र सीमा ओलांडतं. संभाजीनगरच्याच पैठण रस्त्यावर गेवराईजवळ अल्लाना समूहाचा निर्यात प्रकल्प आहे. २०२३-२४मध्ये देशातून सुमारे १३ लाख टन म्हशीचं मांस बाहेर गेलं, किंमत ३७४ कोटी डॉलर. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इराक ही मोठी गिऱ्हाइकं. मार्च २०२२मध्ये डॉलरला सोळा पौंडांच्या आत असलेलं इजिप्तचं चलन दोन वर्षांत पन्नासच्या आसपास घसरलं. इथल्या भावात काहीही बदल न होता कैरोतल्या गृहिणीला तेच मांस तिपटीनं महाग पडू शकतं. तिकडची मांसाची महागाई ही बरीचशी चलनाची महागाई असते.

तासांत मोजलेलं मांस

टक्केवारी एक गोष्ट लपवते. अमेरिकेत १ जानेवारी २०२५ला गुरांची संख्या ८ कोटी ६७ लाख होती, १९५१नंतरची सगळ्यात कमी. त्या उन्हाळ्यात गोमांसाचा खिमा पौंडाला सहा डॉलरवर गेला, म्हणजे किलोला अकराशे-बाराशे रुपये. तिथे हा राजकीय प्रश्न झाला. तरी संघराज्याच्या ७.२५ डॉलरच्या किमान वेतनावर राबणाऱ्याला तो किलोभर खिमा दोन तासांत मिळतो. महाराष्ट्रात २०२५-२६साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. सातशे-आठशे रुपयांचं मटण म्हणजे दोन-अडीच दिवसांचं काम. त्यांची महागाई जास्त, आपलं मांस महाग.

म्हणूनच आपल्या २०१२ पायावरच्या ग्राहक निर्देशांकात मांस-मासळीचा भार फक्त ३.६१ टक्के होता. त्यातही गंमत अशी, की ग्रामीण भागात तो ४.३८ आणि शहरात २.७३. मांस म्हणजे शहरी चैन, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. करमाडच्या खिशातला मोठा वाटा त्यावर जातो.

देशादेशांतल्या फरकाचं सार इथे येतं. धक्का सगळीकडे बसतो, प्रत्येक देश तो वेगळ्या माणसाला देतो. अमेरिकेनं तो गिऱ्हाइकाला दिला. चीननं तिजोरी आणि राखीव साठा पुढे केला. अर्जेंटिनानं निर्यात बंद करून पशुपालकाला दिला. आपण तो बांधावर पाठवतो. चिकन चढलं तेव्हा पेंडीची बंदरं काही आठवड्यांत उघडली, पण मका हमीभावाखाली गेला तेव्हा खरेदी केंद्रं तेवढ्या घाईनं उघडली नाहीत. गिऱ्हाइकाला संरक्षण मिळू नये असं कुणी म्हणणार नाही. पण करमाडमध्ये गिऱ्हाईक आणि शेतकरी पुष्कळदा एकाच घरात राहतात. त्या घराला चिकनवर वाचलेले तीस रुपये दिसतात आणि क्विंटलमागे गेलेले सहाशे-सातशेही दिसतात. शंभर क्विंटल मका विकणाऱ्याचं साठ-सत्तर हजारांचं नुकसान वर्षभराच्या स्वस्त चिकननं भरून निघत नाही.

मांसाची महागाई आटोक्यात असल्याची बातमी पुढच्या वेळी आली, की त्या आठवड्याचा मक्याचा भाव शेजारी ठेवून ती वाचावी. दोन्ही आकडे खाली असतील, तर किंमत कुणी मोजली हे वेगळं विचारावं लागणार नाही.